‘भंडारा’ काढा, ‘गोंदिया’ घाला!

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गोंदिया हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके आज या जिल्ह्यात आहेत. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात आहेत. नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि तिच्याबरोबर असंख्य कागदांवरचे पत्ते बदलले.

ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात शोभावी. विज्ञानाच्या मासिकात तिचे काय काम, असे तुम्ही विचाराल. विद्यार्थी मित्रहो, संगणकाला दिल्या जाणाऱ्या एका अगदी साध्या आज्ञेविषयी मला आज तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे. ‘हा मजकूर काढ आणि त्याच्या जागी तो घाल’ ही ती आज्ञा. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत तिला ‘रिप्लेस’ म्हणतात. ती शिकायला पाच मिनिटे पुरतात. ती कोठे चुकते हे शिकायला मात्र मला एक चांगलीच फजिती करून घ्यावी लागली. ती फजिती आधी सांगतो.

एका ओळीचे काम

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका काढायचे ठरले. जुन्या नोंदवहीतून टंकून घेतलेली जन्मगावे व पत्ते आणि त्यांच्याखाली प्रत्येकाने लिहून पाठवलेली चार-सहा ओळींची आठवण, असा तो मजकूर होता. नोंदवही १९९९ पूर्वीची, त्यामुळे पानोपानी ‘जि. भंडारा’. स्मरणिका टपालाने पाठवायची, म्हणून पत्त्यात आजचा जिल्हा हवा. हाताने दुरुस्त करायचे तर दोघांना आठवडा लागला असता. मी ऐटीत म्हणालो, “कशाला? एका ओळीचे काम आहे!” आणि ते खरोखरच एका ओळीत केले. जिकडे तिकडे ‘गोंदिया’ झळकू लागले. आम्ही चहा घेतला आणि मजकूर छापखान्यात गेला.

छापून आल्यावर पाहतो तो काय! साकोली आणि तुमसरची माणसे गोंदिया जिल्ह्यात येऊन बसली होती. एकजण कॉलेजला येण्यासाठी ‘भंडारा रोड’ स्थानकावर गाडी पकडत असे. त्याचे ‘गोंदिया रोड’ झाले होते. असे स्थानकच नाही. एका बाईंनी देहूजवळच्या भंडारा डोंगरावरील सहलीची आठवण लिहिली होती. तुकोबा जेथे चिंतनाला बसत तो हा डोंगर. तो रातोरात ‘गोंदिया डोंगर’ झाला. आपल्याकडे देवळातील गावजेवणालाही भंडारा म्हणतात. तेव्हा आणखी एका आठवणीत असे छापले गेले : ‘देवळात गोंदिया होता, आम्ही पोटभर जेवलो.’ आणि एका गुणी विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींच्या ‘ज्ञानभंडारात’ काय काय होते ते मोठ्या भक्तीने लिहिले होते. ते झाले ‘ज्ञानगोंदियात’!

हे झाले नको तेथे बदलल्याचे. जेथे बदलायला हवे होते तेथे काय झाले? ‘भंडाऱ्याच्या पत्त्यावर पाठवू नये, आता जिल्हा बदलला आहे’ असे एकाने मुद्दाम कळवले होते. ते ‘भंडाऱ्याच्या’ जसेच्या तसे राहिले. जेथे जेथे शब्दाला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलले होते, तेथे तेथे माझी आज्ञा आंधळी ठरली.

पण सर्वांत अधिक लागले ते एका दूरध्वनीने. वयाने माझ्याहून पुष्कळ वडील असलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “सर, माझा जन्म तिरोड्याचा, १९५८चा. तेव्हा गोंदिया जिल्हा कोठे होता? मग ‘जन्म : गोंदिया जिल्हा’ असे तुम्ही छापले कसे?” मी म्हणालो, “काका, संगणकाने…” आणि तेथेच थांबलो. संगणकाने काहीच चुकवले नव्हते. मी सांगितले तेच त्याने अक्षरशः केले होते.

संगणकाला शब्द दिसत नाही

हे असे का झाले? ‘गोंदिया’ हा शब्द आपण वाचतो तेव्हा आपल्याला गों-दि-या अशी तीन अक्षरे दिसतात आणि मनात गाव उभे राहते. संगणकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यापुढे असते ती क्रमांक दिलेल्या चिन्हांची एक माळ. या माळेलाच संगणकाच्या परिभाषेत ‘स्ट्रिंग’ म्हणतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट ठरवून दिलेला आहे. त्यात व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण अशा प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून ‘गोंदिया’ या माळेत ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य आणि काना असे सात मणी असतात. जावास्क्रिप्टला या स्ट्रिंगची लांबी विचारा, ती ७ सांगेल. ‘भंडारा’ची लांबी ६.

‘भंडारा काढ’ असे सांगितले की संगणक एवढेच करतो : हे सहा मणी याच क्रमाने कोठे लागून आलेले आहेत ते पाहतो. ‘ज्ञानभंडारात’ या शब्दात ते ओळीने आलेले आहेत, म्हणून तेथे बदल होतो. ‘भंडाऱ्याच्या’ या शब्दात पहिले चार मणी जुळतात. पाचवा ‘र’ नसून ‘ऱ’ आहे, म्हणून बदल होत नाही. अर्थाचा येथे संबंधच येत नाही.

यातही आणखी एक मेख आहे. ‘भंडाऱ्या’मधील तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. काही वेळा तो ‘ऱ’ आणि पाय मोडण्याची खूण असा असतो; काही वेळा साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असा असतो. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र एक माळ आठ मण्यांची आणि दुसरी नऊ मण्यांची वाटते. एक शोधून दुसरी सापडत नाही.

युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल तर गोष्ट याहून बिकट. तेथे पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी जी साधने आहेत, ती जुनी खूण काढून नवी घालण्याच्या आज्ञांची एक लांबलचक यादीच असतात. त्यांना आणखी एक कसरत करावी लागते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवतात. तेव्हा ‘गोंदिया’तील ‘दि’ची नुसती खूण बदलून भागत नाही, तिची जागाही बदलावी लागते. अशा जुन्या मजकुरात ‘भंडारा’ शोधाल तर उत्तर येईल शून्य, आणि डोळ्यांपुढे मात्र पानभर भंडारा दिसत असेल! संगणकाने ‘सापडले नाही’ म्हणणे म्हणजे ‘नाही’ असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

आज्ञेचे स्वभाव

आता आज्ञेकडे वळू. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत काम करताना अवघ्या दहा दिवसांत उभी केली. पुढे ती जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये जाऊन बसली. तिच्यात आपली आज्ञा साधारण अशी दिसते :

नवा = जुना.रिप्लेस("भंडारा", "गोंदिया")

‘रिप्लेस’ हा शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावा लागतो. अवतरणातील मजकूर मात्र मराठीत चालतो. एवढेच नव्हे, तर ‘नवा’ आणि ‘जुना’ ही नावेही देवनागरीत ठेवता येतात.

या आज्ञेचे तीन स्वभाव लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, ती जुन्या माळेला हात लावत नाही; बदललेली नवी माळ तयार करून देते. ती कोणत्या तरी नावाने ठेवली नाही तर केलेले काम वाया जाते. पुष्कळ विद्यार्थी येथे अडतात आणि ‘आज्ञा चालत नाही’ म्हणतात. मला तर हा तिचा मोठाच गुण वाटतो, कारण मूळ मजकूर सुरक्षित राहतो. दुसरा स्वभाव असा की, साधा शब्द दिला तर ती पहिल्याच ठिकाणी बदल करून थांबते. सर्व ठिकाणी बदल हवा असेल तर शब्दाऐवजी नमुना देऊन त्याला ‘सर्वत्र’ या अर्थाची खूण जोडावी लागे. ‘रिप्लेसऑल’ ही वेगळी आज्ञा भाषेच्या २०२१ सालच्या आवृत्तीत आली. तिसरा स्वभाव फार उपयोगी आहे. ‘काय घालायचे’ या जागी मजकुराऐवजी एक छोटी आज्ञावलीही देता येते. मग प्रत्येक ठिकाणी थांबून, आजूबाजूला पाहून, बदलायचे की नाही हे ठरवता येते.

‘पूर्ण शब्द असेल तरच बदल’ असे सांगता येत नाही काय? येते, पण येथे मराठीवर थोडा अन्याय आहे. शब्दाची सीमा ओळखणारी जी जुनी खूण नमुन्यांत वापरतात, तिला शब्दातील अक्षरे म्हणून फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढीच ठाऊक आहेत. देवनागरी मजकूर तिच्या लेखी नुसती विरामचिन्हे! त्यामुळे इंग्रजी पुस्तकात पाहून ती खूण ‘भंडारा’च्या दोन्ही बाजूंना लावली, तर मराठी वाक्यात एकही भंडारा सापडणार नाही. २०१८ सालच्या आवृत्तीपासून ‘कोणत्याही लिपीचे अक्षर’ असे सांगण्याची सोय झाली. पण तेथेही काना, मात्रा, वेलांटी यांची गणना अक्षरांत होत नाही, त्यांचा वेगळा वर्ग आहे. दोन्ही वर्ग सांगितले तरच मराठी शब्दाची सीमा नीट सापडते.

क्रम आणि पुनरावृत्ती

अनेक बदल एकामागून एक करायचे असतील तर क्रमाला महत्त्व येते. समजा, काही नोंदींत नुसते ‘अर्जुनी’ लिहिले आहे आणि त्याचे ‘अर्जुनी मोरगाव’ करायचे आहे. सरसकट बदल केलात तर ‘सडक अर्जुनी’चे ‘सडक अर्जुनी मोरगाव’ होईल. दोन तालुक्यांची अशी मोट बांधलेले गाव कोणत्याही नकाशात नाही. आणि घाईत तीच आज्ञा पुन्हा एकदा चालवली तर ‘अर्जुनी मोरगाव मोरगाव’ होईल, तिसऱ्यांदा चालवली तर शेवटी आणखी एक मोरगाव. याउलट ‘भंडारा’चे ‘गोंदिया’ हा बदल एकदा केला काय किंवा दहादा केला काय, फरक पडत नाही. दिवा लावण्याच्या बटनाचे दोन प्रकार असतात. एक कितीही वेळा दाबले तरी दिवा लागलेलाच राहतो. दुसरे दाबावे तसा दिवा लागतो आणि विझतो. आपली आज्ञा कोणत्या जातीची आहे, हे ती चालवण्यापूर्वी ठाऊक असावे.

दोन नावांची अदलाबदल करायची असेल तर गंमत आणखी वाढते. आधी सर्व ‘भंडारा’ काढून ‘गोंदिया’ घातले आणि मग सर्व ‘गोंदिया’ काढून ‘भंडारा’ घातले, तर शेवटी उरतो सगळीकडे भंडाराच. दुधाचा आणि पाण्याचा असे दोन पेले असतील तर अदलाबदलीसाठी तिसरा रिकामा पेला लागतो. तसेच येथे मजकुरात कोठेही न येणारी एक तिसरी खूण लागते, किंवा दोन्ही नावे एकाच फेरीत पाहणारा नियम द्यावा लागतो.

मोठ्यांच्याही चुका

माझ्यासारख्या एकट्या प्राध्यापकाचीच अशी फजिती होते असे समजू नका. जावास्क्रिप्टमध्ये ‘इव्हॅल’ नावाची एक आज्ञा आहे. ती साध्या मजकुराला आज्ञावली समजून चालवते. पत्रांतून कोणी खोडसाळ आज्ञा पाठवू नये म्हणून याहू या कंपनीच्या ईमेल सेवेने एक उपाय योजला. काही प्रकारच्या पत्रांत ‘इव्हॅल’ची चार रोमन अक्षरे दिसली की ती काढून त्यांच्या जागी ‘रिव्ह्यू’ घालायचे. आता ‘मध्ययुगीन’ या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे त्याच्या शेवटी नेमकी हीच चार अक्षरे येतात. त्यामुळे इतिहासावरील पत्रांत ‘मेडिरिव्ह्यू’ असा एक शब्द जन्माला आला. जगातील कोणत्याही कोशात नसलेला हा शब्द पत्रांतून लेखांत उतरला. २००२ साली हा प्रकार जगजाहीर झाला. ‘ज्ञानगोंदियात’ आणि ‘मेडिरिव्ह्यू’ ही सख्खी भावंडे आहेत.

कोणता भंडारा खरा?

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सर्व लेखाचे मर्म तेथे आहे. समजा, शब्दाच्या सीमा पाहणारा, विभक्तीची रूपे ओळखणारा, आठ तालुके तपासणारा अगदी निर्दोष नियम मी लिहिला असता. ‘ता. तिरोडा’ असेल तरच ‘जि. भंडारा’चे ‘जि. गोंदिया’ कर, असा. तरीही त्यांच्या जन्माच्या नोंदीत चूकच झाली असती. १९५८ साली तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होते. पत्त्यातील भंडारा आज बदलायलाच हवा. जन्मनोंदीतील भंडारा कधीच बदलता कामा नये. चिन्हे तीच, क्रम तोच, तालुकाही तोच. फरक आहे तो काळाचा आणि कागदाच्या हेतूचा. तो मण्यांच्या माळेत लिहिलेला नाही.

राज्याचे नाव घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. गोंदियात १९४५ साली जन्मलेल्या माणसाचा प्रांत होता मध्यप्रांत व वऱ्हाड. १९५३ साली जन्मलेल्याचे राज्य मध्य प्रदेश. १९५८ साली जन्मलेल्याचे मुंबई राज्य, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ त्या राज्यात आला. आणि १ मे १९६० नंतर जन्मलेल्याचे महाराष्ट्र. एकाच गल्लीतील चार भावंडांच्या दाखल्यांवर वेगवेगळी राज्ये असू शकतात आणि चारही दाखले खरे असतात! ‘सगळीकडे एकसारखे करून टाका’ असे म्हणणारा उत्साही माणूस येथे इतिहास पुसत असतो, आणि त्याला वाटत असते की आपण दुरुस्ती करीत आहोत.

हा प्रश्न केवळ आमच्या जिल्ह्याचा नाही. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, तो औरंगाबादच आहे. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. बोलताना आपण त्याला नुसते ‘नगर’ म्हणतो. कोणी ‘नगर’ काढून ‘अहिल्यानगर’ घालायची आज्ञा दिली, तर राज्यातील प्रत्येक नगरपालिकेची अहिल्यानगरपालिका होईल. तुमच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात तिसरे असे झाले, तर हेलपाटे कोणाला घालावे लागतात? आज्ञा देणाऱ्याला नव्हे. तुम्हाला आणि तुमच्या आईवडिलांना.

माझे म्हणणे

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे. शाळेत मजकूर बदलण्याची आज्ञा शिकवताना ‘ती कशी द्यायची’ याच्या बरोबरीने, किंबहुना आधी, ‘ती कोठे चुकेल’ हे शिकवले पाहिजे. आणि ते आपल्या मराठी मजकुरावर शिकवले पाहिजे. नेहमीची उदाहरणे इंग्रजीतील असतात. इंग्रजीत गावाच्या नावाला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलत नाही, म्हणून तेथे आज्ञा फार शहाणी वाटते. मराठीत ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होते, ‘भंडारा’चे ‘भंडाऱ्यात’ होते. त्यामुळे आज्ञेचा आंधळेपणा पहिल्याच तासाला उघडा पडतो. ही आपल्या भाषेची अडचण नव्हे; शिकवण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

काही शिक्षकमित्र म्हणतात, “सर, मुलांना आधी आज्ञा तर बरोबर लिहू द्या, हे बारकावे पुढे पाहू.” त्यांची अडचण मला समजते. तासिका थोड्या, संगणक त्याहून थोडे. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण व्हर्नियर कॅलिपर हाती दिल्याबरोबर पहिली गोष्ट कोणती सांगतो? शून्य त्रुटी पाहा. माप घेणे पुढे, उपकरण कोठे चुकते ते आधी. हा नियम आपण पितळी उपकरणाला लावतो, तर संगणकाच्या आज्ञेला का लावू नये?

दुसरे काहीजण म्हणतात, “आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञा लिहून देतात, मुलांनी हे शिकायचे तरी कशाला?” आज्ञा लिहून मिळते हे खरे आहे. पण या नोंदवहीतील कोणता भंडारा पत्त्यातला आणि कोणता जन्मनोंदीतला, हे त्या साधनाला सांगणारा कोणी तरी लागतोच. मागणाऱ्यालाच हा फरक सुचला नाही, तर मिळालेली आज्ञा माझ्या त्या एका ओळीपेक्षा शहाणी असेल असे मला वाटत नाही. लिहिण्याचे कष्ट कमी झाले, म्हणून तपासण्याची जबाबदारी कमी होत नाही; ती वाढते.

त्या फजितीनंतर मी स्वतःला तीन नियम घालून घेतले आहेत. बदलापूर्वी तो शब्द किती ठिकाणी आहे ते मोजायचे, आणि बदलानंतर किती ठिकाणी बदल झाला तो आकडा ताडून पाहायचा. ज्यांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशा दहा-बारा वाक्यांवर आज्ञा चालवून पाहायची, आणि ती वाक्ये मुद्दाम अवघड निवडायची. आणि माणसांची नावे, जन्मनोंदी, जुने दस्तऐवज यांवर सरसकट आज्ञा कधीही चालवायची नाही. तेथे संगणकाने फक्त यादी काढून द्यावी, निर्णय माणसाने एकेक ओळ वाचून घ्यावा. यात वेळ जातो. पण स्मरणिकेची दुरुस्तीपत्रके छापून ती पुन्हा टपालाने पाठवण्यात जो वेळ गेला, त्याच्या मानाने तो काहीच नाही.

करून पाहा

हा प्रयोग करायला महागडे साहित्य लागत नाही. शाळेतील संगणकावर ब्राउझर उघडा. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की आज्ञा लिहिण्याची जागा उघडते. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. तुमच्या गावाचे किंवा तालुक्याचे नाव घ्या आणि त्यावर दहा वाक्ये लिहा. पाच अशी की जेथे नाव बदलायला हवे. पाच अशी की जेथे ते बदलता कामा नये. मग मित्राला सांगा की, अशी आज्ञा लिही की दहाही वाक्ये बरोबर येतील. त्याने लिहिली की तिला फसवणारे अकरावे वाक्य तुम्ही शोधा. मग जागा बदला. या खेळात फसवणारा अधिक शिकतो की फसणारा, हे तुमचे तुम्हीच ठरवा.

शिक्षकांनी त्या दिवशी फळ्यावर दोन आकडे लिहावेत : किती ठिकाणी नको असताना बदल झाला, आणि किती ठिकाणी हवा असताना झाला नाही. एक आकडा कमी करायला गेले की दुसरा वाढतो, असे पुष्कळदा दिसेल. ‘भंडारा’ऐवजी ‘भंडा’ एवढेच शोधले तर ‘भंडाऱ्याला’ सापडेल, पण त्याबरोबर ‘भंडारदरा’ही जाळ्यात येईल. ही ओढाताण विद्यार्थ्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, की ‘संगणकाने सांगितले म्हणजे बरोबर’ ही समजूत आपोआप गळून पडते.

त्या गृहस्थांची मी क्षमा मागितली आणि दुरुस्ती छापली. त्यांनी मोठ्या मनाने आपला शाळा सोडल्याचा दाखला आणून दाखवला. पिवळा पडलेला कागद, निळी शाई, वळणदार अक्षर : तिरोडा, जिल्हा भंडारा. तो लिहिणाऱ्या गुरुजींपाशी संगणक नव्हता. पण आपण काय लिहीत आहोत आणि कोणाविषयी लिहीत आहोत, हे त्यांना ठाऊक होते. संगणक हाती आल्यावर आपल्याला ते ठाऊक असण्याची गरज संपली, असे मात्र मला वाटत नाही.